व्होल्टेज न वाढवता ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंगची नेहमी सांगितली जाणारी रीत अशी: बायोसमध्ये जायचं, मल्टिप्लायर एक-दोन घरं वाढवायचा, कॉम्प्युटर हँग झाला की व्होल्टेज थोडं चढवायचं आणि पुन्हा मल्टिप्लायर वाढवायचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर ही रीत बऱ्यापैकी चालायची. आजच्या प्रोसेसरवर तीच वापरली तर उष्णता वाढते, चिपचं आयुष्य घटतं आणि पुष्कळदा रोजच्या कामातला वेग आधीपेक्षाही कमी होतो. म्हणून पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यानं एक नियम धरून चालावं: व्होल्टेज वाढवायचं नाही. कंपनीनं ठरवलेल्या व्होल्टेजच्या आत आपला प्रोसेसर किती वेगानं आणि किती बिनचूक चालतो ते मोजायचं, आणि तिथे जेवढं मिळेल तेवढंच घ्यायचं. या नियमामागे साधं गणित आहे आणि गेल्या काही वर्षांत जगजाहीर झालेल्या घटनाही आहेत. आधी ती कारणं पाहू, मग प्रत्यक्ष काम.

राखीव वेग कुठे गेला

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. एक बेस क्लॉक, जो आता बहुतेक ठिकाणी १०० मेगाहर्ट्झ असतो, आणि दुसरा मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४६ असेल तर वेग ४.६ गिगाहर्ट्झ. १९९८ साली इंटेलनं सेलेरॉन ३००ए बाजारात आणला तेव्हा त्याचा बस वेग ६६ मेगाहर्ट्झ होता आणि मल्टिप्लायर ४.५, म्हणून एकूण ३०० मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि बरेच नग फारशी खटपट न करता तिथे टिकायचे. एक पैसा जास्त न देता दीडपट वेग. २०११ च्या कोअर आय५-२५००के या प्रोसेसरचा कमाल टर्बो वेग ३.७ गिगाहर्ट्झ होता. चांगला एअर कूलर लावून तो ४.५ पर्यंत नेणं ही तेव्हा सर्रास केली जाणारी गोष्ट होती. ओव्हरक्लॉकिंगची ख्याती याच काळातली आहे. हे जमायचं कारण असं की कंपनी एका मॉडेलच्या सगळ्या नगांना एकच वेग ठरवून द्यायची, आणि तो त्यातल्या सगळ्यात कमकुवत नगालाही खराब हवा खेळणाऱ्या कॅबिनेटमध्ये झेपेल इतका कमी ठेवायची. चांगल्या नगात जे उरायचं ते ग्राहकाच्या हाती लागायचं.

पुढे कंपन्यांनी ही शिल्लक स्वतःच वापरायला घेतली. आजचा प्रोसेसर आपलं तापमान, करंट आणि विजेचा वापर सतत पाहतो आणि जागा दिसेल तसा वेग आपणहून वाढवतो. २०२३ च्या अखेरीस आलेला कोअर आय९-१४९००के कंपनीच्याच सेटिंगवर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. एएमडीच्या रायझनमध्ये कुठला कोअर जास्त पळू शकतो हे चिपला आधीच माहीत असतं आणि हलकं काम त्याच कोअरकडे दिलं जातं. नवशिक्यांकडे हमखास सापडणारा रायझन ५ ५६००एक्स घेऊ. सहा कोअर, बेस वेग ३.७ आणि बूस्ट ४.६ गिगाहर्ट्झ. जुन्या रीतीप्रमाणे याचे सगळे कोअर ४.५ वर कायमचे बांधले, तर व्हिडिओ रेंडर करताना थोडा फायदा दिसेल, कारण सहाही कोअर एकदम राबत असताना तो एरवी त्याहून थोडा खाली येतो. पण ब्राउझर, एक्सेल आणि बरेचसे गेम एखाद-दुसऱ्या वेगवान कोअरच्या जिवावर चालतात. तो कोअर पूर्वी ४.६ ला पोचत होता, आता ४.५ ला अडकला. रोज केल्या जाणाऱ्या कामात आपण पैसे आणि मेहनत खर्चून वेग गमावला. ही हानी भरून काढायला मल्टिप्लायर आणखी वाढवायचा, तर व्होल्टेज चढवावं लागतं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

व्होल्टेजचं गणित

प्रोसेसर चालताना जी वीज खातो ती वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणानं पाहू. ४.४ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ४.७ वर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले असं धरा. वेग सुमारे ७ टक्के वाढला. विजेच्या हिशोबात तो वाटा १.०७ पट. पण १.३५ भागिले १.२० याचा वर्ग होतो जवळपास १.२७. दोन्हींचा गुणाकार १.३५. म्हणजे ७ टक्के वेगासाठी ३५ टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता, करंगळीच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढायची. शिवाय चिप तापली की तिच्यातून गळणारा करंटही वाढतो, म्हणजे प्रत्यक्ष आकडा या हिशोबापेक्षा थोडा वरच जातो. वेग वाढवणं तुलनेनं स्वस्त आहे. महाग आहे ते व्होल्टेज.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो, अगदीच टोकाला गेला तर कॉम्प्युटर बंद होतो, मग नुकसान होईल कसं? तापमानाबद्दल हे खरं आहे. ५६००एक्सची मर्यादा ९५ अंश सेल्सियस, इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची १०० अंश, आणि तिथे पोचल्यावर चिप स्वतःला सांभाळते. पण जास्त व्होल्टेजची झीज वेगळ्या प्रकारची असते. तारांमधले धातूचे अणू करंटच्या ओघात हळूहळू सरकतात, ट्रान्झिस्टरमधला विलग ठेवणारा थर कमकुवत होत जातो. याला कुठलाही सेन्सर नाही आणि धोक्याची घंटाही नाही. सहा महिन्यांनी, वर्षानं एवढंच दिसतं की काल ज्या सेटिंगवर काम चालत होतं त्यावर आज ब्लू स्क्रीन येतो. झिजलेली चिप पूर्वपदावर येत नाही.

हे केवळ पुस्तकी भय नाही हे २०२४ साली सगळ्यांनी पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर गेममध्ये आणि कामात बंद पडू लागले, आणि त्यातले अनेक नग मालकांनी ओव्हरक्लॉक केलेलेही नव्हते. तपासाअंती इंटेलनं सांगितलं की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड काही वेळा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि जास्त व्होल्टेज व तापमानामुळे चिपमधला क्लॉकशी संबंधित भाग झिजत होता. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या दुरुस्तीनं १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि कंपनीनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे नग आधीच झिजले होते ते या दुरुस्तीनं बरे होणार नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, एएमडीचे रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावर काही मदरबोर्ड चिपच्या एसओसी भागाला प्रमाणाबाहेर व्होल्टेज देत होते, आणि एएमडीला नव्या बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. दोन्ही घटनांतून नवशिक्यानं एकच गोष्ट लक्षात ठेवायची. अब्जावधी रुपयांच्या प्रयोगशाळा असलेल्या कंपन्यांचाही जिथे व्होल्टेजचा अंदाज चुकतो, तिथे घरी बसून, कुणाच्या तरी व्हिडिओतला आकडा बघून व्होल्टेज ठरवणं शहाणपणाचं नाही. आणि दुसरं असं की बायोसमध्ये ‘ऑटो’ लिहिलंय म्हणजे सुरक्षित, असंही समजू नये. मल्टिप्लायर हातानं वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडलं की काही मदरबोर्ड कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून सढळ हातानं व्होल्टेज देतात.

आणखी एक शंका जाणकार वाचकाला येईल. सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर ५६००एक्स काही न करताही अधूनमधून १.४ व्होल्टच्या वर गेलेला दिसतो. मग हातानं १.३५ ठेवलं तर बिघडलं कुठे? फरक करंटमध्ये आहे. प्रोसेसर ते जास्त व्होल्टेज अशा क्षणी घेतो जेव्हा एकच कोअर काम करत असतो, करंट थोडा असतो आणि चिप थंड असते. सहाही कोअर राबायला लागले की तो आपणहून व्होल्टेज खाली आणतो. हातानं बांधलेलं १.३५ मात्र पूर्ण भाराखाली, पूर्ण करंट वाहत असतानाही जवळपास तेवढंच राहतं. आकडा लहान दिसत असला तरी चिपवरचा ताण मोठा असतो.

सुरुवात करण्याआधी

आधी आपल्या यंत्रात हे काम करता येतं का ते पाहा. इंटेलमध्ये मॉडेलच्या नावात ‘के’ हवा आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा हवा, जसं झेड६९० किंवा झेड७९०. बी७६० वर मेमरीचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. एएमडीमध्ये बहुतेक डेस्कटॉप रायझन खुले असतात आणि बी५५० किंवा बी६५० सारखा मध्यम किमतीचा बोर्डही पुरतो. ए५२० आणि ए६२० वर मात्र ही सोय नाही. दुकानात ‘ओव्हरक्लॉकिंगला चालेल’ एवढ्यावर विश्वास न ठेवता बोर्डाचं मॉडेल कंपनीच्या साइटवर तपासा. मग हेही पाहा की या कामाचा आपल्याला उपयोग आहे का. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डचा वापर सतत ९७-९९ टक्के दिसत असेल, तर अडचण प्रोसेसरची नाही, आणि त्यावर घालवलेला शनिवार-रविवार फुकट जाईल. वॉरंटीचंही स्पष्ट असू द्या. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरलं जात नाही. पुढे सांगितलेली पीबीओ आणि मेमरी प्रोफाइलची सोय कंपनीनंच दिलेली असली तरी नियमांत तिलाही ओव्हरक्लॉकिंगच मानलं जातं. हे पटत नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबणं हा पूर्णपणे रास्त निर्णय आहे.

कूलिंगवर खर्च करायची पाळी आली तर तो व्होल्टेजच्या आधी करा. ५६००एक्ससोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर साध्या वापराला ठीक आहे, पण त्याच्या मर्यादा लगेच समोर येतात. साधा टॉवर एअर कूलर, कॅबिनेटला पुढून आत आणि मागून बाहेर हवा नेणारे पंखे, धूळ झाडलेल्या जाळ्या आणि नीट लावलेली थर्मल पेस्ट एवढ्यानं आधुनिक प्रोसेसर आपणहून थोडा जास्त पळतो. आपल्याकडच्या वाचकानं खोलीचं तापमान मुद्दाम हिशोबात धरावं. एअर कूलर चिपला खोलीच्या तापमानाच्या तुलनेतच थंड करू शकतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना चिप ७८ दाखवत असेल, तर मे महिन्यात खोली ३८ वर गेल्यावर तीच सेटिंग साधारण ९४ दाखवेल. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हिवाळ्यात ‘पास’ झालेली सेटिंग एप्रिलमध्ये पुन्हा तपासल्याशिवाय पक्की धरू नका. एसएमपीएस नाव असलेल्या कंपनीचा आणि पुरेशा वॅटचा असावा. शेवटी, महत्त्वाच्या फाइलींची वेगळ्या डिस्कवर प्रत काढा. अस्थिर प्रोसेसर फक्त बंद पडतो असं नाही. तो चुकीचा मजकूर डिस्कवर लिहूनही ठेवू शकतो.

बायोस अद्ययावत करून घ्या, कारण वर सांगितलेल्या दोन्ही घटनांतल्या दुरुस्त्या बायोसमधूनच आल्या होत्या. हे काम यूपीएसवर करा. अपडेट मध्यावर असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. बोर्डाच्या पुस्तिकेत ‘क्लिअर सीमॉस’चा जंपर किंवा बटण कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. सेटिंग चुकली आणि पडद्यावर काहीच आलं नाही, तर कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, तो जंपर जोडला किंवा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवला की बायोस मूळ स्थितीत येतो. आपण जे करतोय ते परत फिरवता येतं, हे माहीत असलं की पुढचं काम घाई न करता होतं.

पायरीपायरीनं

पहिली पायरी म्हणजे काहीच न बदलता मोजणं, आणि ती टाळणारे सर्वांत जास्त असतात. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची टेस्ट सगळ्या कोअरवर आणि एकाच कोअरवर अशी दोनदा घ्या. वहीत चार गोष्टी लिहा: स्कोअर, कमाल तापमान, प्रोसेसरनं घेतलेली वीज आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ या नावानं दिसणारा खरा वेग. शेजारी त्या दिवशीचं खोलीचं तापमान. ५६००एक्स मूळ सेटिंगवर ७६ वॅटच्या आसपास थांबलेला दिसेल, कारण ती त्याची ठरलेली मर्यादा आहे. इथेच तापमान ९० च्या घरात असेल तर पुढे जाऊ नका. आधी कूलर आणि पंखे बघा. ही पहिली नोंद नसेल तर पुढच्या कुठल्याही बदलानं फायदा झाला की तोटा, हे सांगता येत नाही.

दुसरी पायरी मेमरीची. ३२०० वेगाची म्हणून विकत घेतलेली डीडीआर४ रॅम एक्सएमपी प्रोफाइल चालू करेपर्यंत बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालत असते. बायोसमध्ये हे प्रोफाइल चालू करणं हा बऱ्याच यंत्रांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दिसणारा फायदा असतो, आणि रायझनमध्ये तर कोअर आणि मेमरी यांच्यातला दुवाही त्याच्यासोबत वेगवान होतो. ५६००एक्ससाठी एएमडीनं मान्य केलेला वेग ३२०० आहे. नवशिक्यानं तिथेच थांबावं. प्रोफाइल चालू केल्यावर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालवा आणि चारही फेऱ्या एकही चूक न दाखवता पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक आली तरी वेग एक घर खाली आणा. ही पायरी पक्की झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नका, नाहीतर पुढे चूक आली की ती रॅमची की प्रोसेसरची, या शोधात दिवस जातात.

तिसरी पायरी या लेखाचा गाभा. रायझन ५००० पासून पुढे बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओच्या खाली ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ नावाचा पर्याय असतो. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज लागतं याचा तक्ता चिपमध्ये असतो. हा पर्याय तो तक्ताच खाली सरकवतो. एक घर म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि उणे ३० पर्यंत जाता येतं. सगळ्या कोअरना उणे १० द्या, कॉम्प्युटर सुरू करा, पहिल्या पायरीची टेस्ट पुन्हा घ्या. बहुतेक नगांवर असं दिसेल की वीज तीच ७६ वॅट, तापमान जवळपास तेवढंच, पण वेग आणि स्कोअर थोडा वर. प्रत्येक वेगाला व्होल्टेज कमी लागू लागल्यामुळे त्याच वॅटच्या मर्यादेत प्रोसेसरला जास्त वेग परवडतो, आणि तो आपणहून घेतो. हलक्या कामातला एकट्या कोअरचा बूस्टही शाबूत राहतो. मल्टिप्लायर बांधण्याच्या रीतीत जे गमवावं लागत होतं ते इथे गमवावं लागत नाही. उणे १० पक्कं झालं की उणे १५, मग उणे २०, एका वेळी पाचच घरं. मध्येच स्कोअर खाली आला पण दाखवलेला वेग मात्र वाढला, तर तो इशारा समजा. व्होल्टेज अपुरं पडलं की रायझन आतल्या आत क्लॉक ताणतो, म्हणून पडद्यावरच्या गिगाहर्ट्झवर न जाता स्कोअर आणि इफेक्टिव्ह क्लॉक यांवरच निर्णय घ्या.

चौथी पायरी ऐच्छिक आहे. कूलर दमदार असेल आणि तापमानात १०-१५ अंशांची जागा उरली असेल, तर पीबीओमध्ये वॅटची मर्यादा ७६ वरून ९० च्या आसपास नेता येते. व्होल्टेज हातानं बांधायचं नाही आणि त्यात वरून भरही घालायची नाही. ‘स्केलर’ नावाचा पर्याय तर मुळीच वाढवायचा नाही, कारण तो प्रोसेसरला जास्त व्होल्टेजवर जास्त वेळ थांबू देतो. मर्यादा वाढवूनही स्कोअर एखाद-दोन टक्क्यांनीच वाढला आणि तापमान मात्र दहा अंशांनी, तर मर्यादा परत ७६ वर आणा. इंटेलच्या खुल्या प्रोसेसरवरही क्रम हाच. ताजा बायोस, इंटेलचं स्वतःचं डिफॉल्ट पॉवर प्रोफाइल, मेमरी, मग बोर्ड परवानगी देत असेल तर व्होल्टेजला छोटा उणे ऑफसेट, आणि सर्वांत शेवटी, जागा दिसलीच तर, मल्टिप्लायर एका घरानं वर. काही बोर्डांवर सुरक्षेच्या कारणानं व्होल्टेज कमी करण्याचा पर्याय बंद असतो. तिथे पॉवर लिमिट आणि कूलर यांवरच काम भागवावं.

‘पास’ कधी म्हणायचं

व्होल्टेज कमी करण्यात चिप जळण्याचा धोका नाही, पण चुकीची उत्तरं येण्याचा आहे, आणि हा धोका लोक कमी लेखतात. ‘दोन तास गेम चालला, म्हणजे स्थिर’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. गेममध्ये एखादी आकडेमोड चुकली तर एका क्षणासाठी एखादा रंग चुकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच चूक जमाखर्चाच्या फाइलीत किंवा फोटोंच्या बॅकअपमध्ये झाली तर महिन्यांनी कळते. म्हणून अशी टेस्ट लागते जी आपलं उत्तर स्वतः तपासते. प्राइम९५ मोठ्या संख्यांचे गुणाकार करतं आणि त्यात येणारी राउंडिंगची तफावत पाहतं. ती ०.४ पेक्षा कमी असायला हवी; ०.५ आली की त्या कोअरवरची टेस्ट लगेच थांबते आणि पडद्यावर चूक दिसते. कॉम्प्युटर हँग झाला नाही, ब्लू स्क्रीन आला नाही, माऊस नीट हलतोय, तरीही प्रोसेसरनं चुकीचं उत्तर दिलं. अशी एक ओळ दिसली की सेटिंग नापास, त्यात तडजोड नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या टेस्टमध्ये प्रत्येक कोअर थोडा हळू चालतो, त्यामुळे व्होल्टेजची कमतरता उघडी पडत नाही. ती उघडी पडते हलक्या भाराखाली, जेव्हा एखादा कोअर एकटा कमाल वेगाला जातो. सिनेबेंच तासभर पास झालेला कॉम्प्युटर रात्री नुसता चालू ठेवलेला असताना आपोआप रीस्टार्ट होतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. यासाठी कोअरसायकलर नावाचं मोफत साधन आहे. ते एका वेळी एकच कोअर घेऊन प्राइम९५ चालवतं आणि एकामागून एक सगळ्यांची पाळी लावतं. ते रात्रभर चालू द्या. सकाळी कुठला कोअर नापास झाला हे नावानिशी कळतं. मग फक्त त्या कोअरची उणे घरं पाचनं कमी करा, बाकीचे तसेच राहू द्या. बऱ्याचदा असं आढळतं की सर्वांत वेगवान कोअरनाच कमी सूट चालते, कारण कंपनीनं त्यांचा तक्ता आधीच काटेकोर लावलेला असतो. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाखाली काही नोंद झाली आहे का ते पाहा. तिथली एक नोंदही, काम सुरळीत चालत असताना झालेली असली तरी, दुर्लक्ष करण्यासारखी नसते. सगळं पास झाल्यावर दोन-चार घरं मुद्दाम मागे या. उन्हाळा, धूळ आणि चिपचं वय यांच्यासाठी ती जागा लागणारच आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. एवढं सगळं करून हाती येतं काय? मेमरी प्रोफाइल सोडलं तर प्रोसेसरच्या वेगात सहसा थोड्या टक्क्यांचीच भर पडते. मग ही उठाठेव कशाला? हा आक्षेप बरोबर आहे, आणि कुणाला तेवढ्यासाठी वेळ घालवायचा नसेल तर मूळ सेटिंगवर चालवण्यात काहीही उणेपणा नाही. पण वाढलेला वेग हा या कामाचा एकच लाभ नाही. तेवढाच वेग कमी विजेत घेता येतो. मर्यादा ७६ वॅटवरून खाली आणून मूळ स्कोअर टिकवला तर पंखे शांत राहतात, उन्हाळ्यात खोली कमी तापते आणि चिपवरचा ताण घटतो. रात्रंदिवस रेंडर करणाऱ्या छोट्या स्टुडिओला यातला फरक वीजबिलातही दिसू शकतो. व्होल्टेज चढवून मिळणारे आणखी तीन-चार टक्के याच्या अगदी उलट दिशेनं जातात: जास्त वीज, जास्त आवाज, कमी आयुष्य, आणि हलक्या कामात कदाचित कमी वेग. दोन्ही बाजू वहीत शेजारी शेजारी लिहिल्या की निवड अवघड राहत नाही.

म्हणून क्रम पाळा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलाची तारीख, सेटिंग, स्कोअर, तापमान आणि टेस्टचा निकाल लिहून ठेवा. पक्की झालेली सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवा आणि तिचा फोनवर फोटोही काढा, कारण बायोस अपडेट करताना साठवलेली प्रोफाइलं अनेकदा पुसली जातात. महिन्यातून एकदा इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहा, आणि उन्हाळा सुरू झाला की पहिल्या पायरीची टेस्ट एकदा पुन्हा घ्या. ज्या आकड्यामागे रात्रभराची बिनचूक टेस्ट नाही तो आकडा आपला मानू नका. एवढी शिस्त अंगी आली की पुढे कधी व्होल्टेजला हात लावायचा का, हा प्रश्न तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावा लागणार नाही. तुमच्याच वहीतले आकडे त्याचं उत्तर देतील.